धावत्या गाडीच्या ॲक्सलमधील व्होल्टेज: चुंबकीय क्षेत्र नेमके किती धरावे?

प्रश्न
विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वाहक हलल्याने व्होल्टेज निर्माण होण्याच्या, एका गणितावर मी दोन दिवस अडलो आहे. ब्रॉडगेज रुळांवरून, म्हणजे १.६७६ मीटर अंतराच्या रुळांवरून, एक गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने उत्तरेकडे धावत आहे. तेथील पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४३ मायक्रोटेस्ला असून ते क्षितिजाशी २६ अंशांचा कोन करून खाली झुकलेले आहे. गाडीच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, दोन टोकांमधील व्होल्टेज काढायचे आहे. वेग सेकंदाला ३० मीटर धरून मी क्षेत्र, रुळांमधील अंतर आणि वेग या तिन्ही राशींचा गुणाकार केला, तेव्हा २.१६ मिलिव्होल्ट आले. उत्तरसूचीत मात्र ०.९५ आहे. माझे कुठे चुकले? शिवाय, डब्यात व्होल्टमीटर ठेवून तो ॲक्सलच्या दोन टोकांना जोडला, तर हे व्होल्टेज दिसेल का?

उत्तर १
आपला वेग बरोबर आहे. चूक क्षेत्रात आहे. क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा सरळ गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा तिन्ही परस्परांना लंब असतात. ॲक्सल आडवा आहे आणि गाडीही आडवीच धावते, त्यामुळे या दोघांना लंब असा क्षेत्राचा फक्त उभा घटक उपयोगी पडतो. ४३ ला २६ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.४३८ ने गुणल्यास १८.८५ मायक्रोटेस्ला मिळतात, त्यांना १.६७६ आणि ३० ने गुणा, ०.९५ मिलिव्होल्ट येतील. आडवा घटक उत्तरेकडे आहे आणि गाडीही उत्तरेकडेच जाते, म्हणून ॲक्सलमधील विद्युतभारांवर त्याचे बल शून्य. गाडी पूर्वेकडे वळली तर त्याचे बल निर्माण होईल खरे, पण ते खाली-वर लागेल, ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने नाही.

जाता जाता सांगतो, गणितातील आकडे मुंबई परिसराशी चांगले जुळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली. इतकी नाजूक ही मोजणी आहे.

उत्तर २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: डब्यातील व्होल्टमीटर शून्य दाखवील. त्याच्या ताराही ॲक्सलबरोबर त्याच वेगाने धावत असतात, त्यामुळे त्यांच्यातही तेवढेच व्होल्टेज निर्माण होते आणि बंद मंडलात दोन्ही एकमेकांना काटतात. मीटर जमिनीवर ठेवून दोन रुळांना जोडला, तर चित्र पालटते. मीटर, रूळ आणि ॲक्सल यांच्यामधले क्षेत्रफळ सेकंदाला १.६७६ × ३० = ५०.२८ चौरस मीटरने बदलते, त्याला १८.८५ ने गुणले की पुन्हा तेच ०.९५ मिलिव्होल्ट. मी विद्यार्थ्यांना हे गणित नेहमी दोन्ही वाटांनी सोडवायला लावतो. प्रत्यक्ष रुळांवर मात्र इंजिनाचा परतीचा प्रवाह आणि सिग्नलचा प्रवाह वाहत असतो, त्यात एवढेसे व्होल्टेज हरवून जाईल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, आता उलगडले. गाडी दक्षिणेकडे परतली, तर धन टोक बदलेल का?

उत्तर १
पूर्व-पश्चिमेच्या हिशेबाने बदलेल, पण चालकाच्या हिशेबाने नाही. उभा घटक खाली रोखलेला असेपर्यंत, फ्लेमिंगच्या उजव्या हाताच्या नियमाने (अंगठा गतीची, तर्जनी क्षेत्राची आणि मधले बोट प्रवाहाची दिशा दाखवते), चालकाच्या डाव्या हाताचे टोक नेहमी धन राहील. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे उभा घटकच जवळजवळ शून्य होतो, आणि त्याच वेगाने धावणाऱ्या त्याच गाडीच्या ॲक्सलमध्ये व्होल्टेजही जवळजवळ शून्यच राहते.