रिपोर्टमध्ये ४७,एक्सएक्स,+१६. हे आलं कुठून?

अनुत्तरित:
आठव्या आठवड्यात ठोके थांबले. क्युरेटिंगनंतर गर्भाचा भाग तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट काल हातात पडला. सोळावं गुणसूत्र एक जादा. आमच्या दोघांचे कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातून केलेली गुणसूत्रांची तपासणी, नॉर्मल आहेत. मग हे आलं कुठून? वय ३७. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद होती म्हणून मी पाच मजले धावत चढले होते. तेच सारखं डोक्यात फिरतंय.

पेशीवाली:
जिना आधी डोक्यातून काढा. मी आयव्हीएफच्या लॅबमध्ये असते, रोज भ्रूणं बघते. जादा सोळावं जवळजवळ नेहमी स्त्रीबीजातूनच येतं. म्हणजे गर्भ राहायच्या आधीच चूक होऊन गेलेली असते. आपली बीजं आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट टाकून थांबतात. तुमचं ते बीज ३७ वर्षांहून जास्त काळ तसंच थांबलेलं होतं. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारं कोहेसिन नावाचं प्रथिन इतक्या वर्षांत विरत जातं, पकड सुटते, आणि वाटणी चुकते. रक्ताच्या तपासणीत हे दिसणार कसं? चूक त्या एका बीजापुरती.

पहिल्या तिमाहीतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांमुळेच होतात, आणि जादा गुणसूत्रांत १६ सगळ्यात पुढे. डोळ्यांना काही कळत नाही हो. पाचव्या दिवशी छान फुगलेलं, चित्रासारखं भ्रूण असतं आणि तपासणीत नेमकं तेच चुकीचं निघतं.

दुसरी_खेप:
माझा रिपोर्ट ४६,एक्सएक्स होता. 'नॉर्मल' ऐकून आणखीच रडले. नंतर कळलं, नमुन्यात माझ्याच पेशी वाढल्या असू शकतात. तुमच्यात +१६ निघालंय, म्हणजे नमुना निदान गर्भाचाच होता.

अनुत्तरित:
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी आयव्हीएफ करून पीजीटी-ए, म्हणजे भ्रूण आत सोडायच्या आधी त्याची गुणसूत्रं तपासणं, करावं का?

पेशीवाली:
एकदा झालं म्हणून लगेच नको, असं माझं मत. त्या तपासणीने बीज सुधारत नाही, फक्त निवड होते. तीही बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशींवरून. त्या थराची पुढे वार होते, आतल्या बाळाचं त्यावरून ताडायचं. काही पेशी बरोबर, काही चुकीच्या, अशी मोझेइक भ्रूणंही निघतात. पूर्वी ती सरळ बाद करायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात १८ बायकांच्या गर्भाशयात अशी भ्रूणं सोडली, ६ निरोगी मुलं झाली.

अनुत्तरित:
रिपोर्ट फाइलला लावून ठेवला. जिना अजून थोडे दिवस चढेन मी डोक्यात, पण आता हळू.