तंबाखूच्या पट्ट्यातली हायस्कूलची पोरं: तुमचे अनुभव लिहा

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव, कुठलेही असा, आठवी ते दहावीच्या पोरापोरींमधे तंबाखू-माव्याचं (मावा म्हणजे सुपारी-चुना-तंबाखूचं मिश्रण) जे बघितलंय ते लिहा. पोरांची, शाळांची नावं नकोत. पोरगं बिघडलं म्हणून मोकळं होण्याआधी त्याच्या हातात पहिली पुडी कुणी दिली हे मला जाणून घ्यायचंय.

शिक्षक, चिकोडी तालुका
नववीतलं एक पोरगं प्रश्न विचारला की तोंडच उघडत नाही, खिडकीशी जाऊन थुंकून येतं आणि मग उत्तर देतं, उत्तर बरोबर असतं हो! कंपासपेटीत चुन्याची डबी सापडली. वडलांना बोलावलं तर ते माझ्यासमोरच तळहातावर मळायला लागले, आता पोराला काय सांगू? 2003 च्या कायद्यानं शाळेपासून 100 यार्डांत विक्री बंद आहे, तसा बोर्ड गेटवर लावलाय, आणि गेटात उभं राहिलं की समोर पानाचं खोकं दिसतंय.

एक आई, निपाणी
आमच्याकडं तंबाखू म्हणजे पोटापाण्याचं. 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात सासरे हायवेवर बसले होते, गोळीबारात माणसं गेली, त्यामुळं घरात तंबाखूला वाईट म्हणायची सोयच नाही. पण पोरींचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. लेकीची दाढ दुखली तेव्हा आजीनं मिश्री लावायला दिली, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची, घरचीच. दाढ केव्हाच बरी झाली पण आता सकाळी ती बोटभर मिश्री लावल्याशिवाय तिला संडासला होत नाही, डोकं धरून बसते. दहावीला आहे. सासूबाईंना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं.

दातांची डॉक्टर, बेळगाव
तोंड पूर्ण उघडून आपली तीन बोटं उभी आत जायला पाहिजेत. माझ्याकडं अकरावीतला एकजण आला, दोनसुद्धा जाईनात, आमटीपण झोंबते म्हणाला. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि ती पहिल्यासारखी होत नाही, खाणं थांबवलं तर वाढायचं थांबू शकतं एवढंच. कर्नाटकात 2013 पासून गुटखा बंद आहे, म्हणून पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, पोरं खोक्यासमोरच मिसळतात.

कॉलेजवाला, खानापूर
मला चटक मॅचमुळं लागली, टीममधल्या मोठ्या दादांचा मावा आणायला आम्हालाच पाठवायचे, येताना चिमूटभर आमची. सोडताना 1800-112-356 ला फोन केला होता, फुकट आहे, रागवत नाहीत, तलफ आली की काय करायचं ते सांगतात.

शिक्षक, चिकोडी तालुका
नंबर उद्याच फळ्यावर लिहितो. कर्नाटकात 2025 पासून 21 च्या खाली विकायला बंदी आहे, कोगनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलं की अजून 18 च. त्या खोकेवाल्याला दोनदा सांगून झालं, पोरं वडलांचं नाव सांगून नेतात म्हणतो. आता पालक सभेत वडलांनाच विचारणार आहे, पोराला पुडी आणायला पाठवता काय म्हणून.