अनुभव धागा : पुढचा फुल फ्रेम कॅमेरा तुम्हाला कसा हवा?

मंडळी, नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की आपल्या फोटोग्राफरांना जेवायलाही सवड मिळत नाही. त्याआधीचे हे दिवस थोडे मोकळे असतात आणि "यंदा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलू का?" हा विषय याच दिवसांत निघतो. कंपन्या दरवर्षी नवं काहीतरी आणतात. पण आपल्या मांडवात, यात्रेत, पठारावर ते कितपत उपयोगी पडतं, हे आपण एकमेकांना नीट सांगत नाही. म्हणून हा धागा. ऐन वेळी कॅमेऱ्यानं कुठं दगा दिला आणि पुढच्यात काय हवं, ते लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, घडलं काय ते तपशिलात येऊ द्या.

सुरुवात मी करतो. मी साताऱ्याचा, पावसाळाभर कासला जाऊन-येऊन असतो. सप्टेंबरात सीतेची आसवे फुलतात. जांभळं निळसर फूल, नखाएवढं, काडीसारख्या देठावर. फुलांत पाय टाकायचा नाही, म्हणून वाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर पालथं पडायचं. देठ उभा, म्हणून फ्रेमही उभी. माझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन फक्त वर-खाली होते, कॅमेरा उभा धरला की तिचा काही उपयोग नाही. मग गाल दगडाला टेकवून व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. गेल्या वर्षी तसाच पडलो होतो आणि डोळ्यापासून चार बोटांवर फुलाच्या पाकळीवर पाण्याचा एक थेंब होता, थेंबात आख्खं आभाळ. तो फोटो मला मिळाला नाही.

मिळाला नाही, कारण फुल फ्रेमचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) मोठा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एक-ला-एक मॅक्रोमध्ये, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकारात घेताना, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर शार्प मिळतं. थेंब धरावा तर पाकळी जाते. उपाय म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या. ही सोय आता बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे. पण पठारावर वारा कधी थांबतो? तीस फ्रेम व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात फूल दोनदा डुलून येतं. मला हव्यात तीस फ्रेम एका सेकंदाच्या आत, आणि उभ्या फ्रेममध्येही वळणारी स्क्रीन. बाकी आहे ते पुष्कळ आहे.

आता तुम्ही लिहा.

*

कराडहून, लग्न आणि यात्रा

मी पालीच्या खंडोबाची यात्रा दरवर्षी करतो. पौषात देवाचं लग्न लागतं तेव्हा पाली गाव वरपासून खालपर्यंत पिवळं होतं. भंडारा उधळला की समोरचा माणूस दिसत नाही. फोटोला त्याहून सुंदर काही नाही आणि कॅमेऱ्याला त्याहून वाईट काही नाही. लेन्स मी तिथं बदलतच नाही, एकच झूम लावून जातो. पण झूम आत-बाहेर केला की ती भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर भंडाराही. तीन वर्षांपूर्वी रात्री घरी आलो तर मागची डायल फिरेना. ब्रश मारला, ब्लोअर मारला, पिवळी भुकटी निघतच राहिली. आठवड्यानं सेन्सरवर डाग दिसले. पुण्याला पाठवला, तर धूळ आत गेलीय म्हणून वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. विकताना मात्र "धूळ-पाण्यापासून सुरक्षित" असं सांगितलं होतं!

माझी मागणी साधी आहे. मोबाईलला धूळ-पाणी किती रोखतो ते सांगणारा आयपी ६८ असा आकडा असतो, तसा कॅमेऱ्याला द्या. लायकाच्या एसएल २ ला २०१९ मध्ये आयपी ५४ दिलं होतं, म्हणजे फुल फ्रेमला देता येतं. आकडा लिहिला की त्यावर बोलता येतं, "सुरक्षित" या शब्दावर बोलता येत नाही. आणि कॅमेरा बंद केल्यावर शटर खाली यावं, म्हणजे लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडत नाही. कॅननच्या ईओएस आरमध्ये २०१८ पासून हे होतं. प्रत्येकात का नसावं?

*

सांगली, गावभाग. वडिलांपासून स्टुडिओ.

कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्ड. माझी यादी इथंच संपते, पण कारण सांगतो.

मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे नवे आले तेव्हा मी एका कार्डाचा घेतला. आधीचा दोन कार्डांचा होता, पण नवा हलका, फोकस पक्का, म्हणून मन झालं. त्याच सीझनला मिरज रोडच्या एका कार्यालयात लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. नवरीनं मान वर करून पहिल्यांदा नवऱ्याकडं बघितलं आणि हसू आवरायला खालचा ओठ दातात धरला. मी ते घेतलं, चार फ्रेम. पाचव्याला स्क्रीनवर कार्ड वाचता येत नाही असा संदेश आला. नंतर रिकव्हरीवाल्याकडून सकाळची हळद परत मिळाली, मंगलाष्टकांनंतरचं काही नाही. मुलीच्या वडिलांना सांगायला मी स्वतः गेलो. ते ओरडले नाहीत. "तिचा तेवढा एक फोटो आम्हाला पाहिजे होता," एवढंच म्हणाले. पैसे मी परत केले. त्या वाक्यानं अजून झोप उडते.

२०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. सगळ्यात आधी आम्ही काय वर नेलं असेल? कॅमेरे नाही, लाइट नाहीत. लोकांच्या लग्नाच्या हार्ड डिस्का. कॅमेरा पुन्हा घेता येतो. म्हणून दोन्ही कार्डं एकाच वेगाची हवीत, एक महागडं आणि दुसरं मंद अशी जोडी नको, कारण दोन्हीकडं एकदम लिहिताना कॅमेरा मंद कार्डाच्याच चालीनं चालतो. आणि जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या, लॅपटॉप न काढता, कॅमेऱ्याला छोटी एसएसडी डिस्क जोडून सगळे फोटो उतरवता आले पाहिजेत. टाइप सी पोर्ट आहे, काही कॅमेरे व्हिडिओ त्यातून थेट एसएसडीवर लिहितातही. मग फोटोंचं काय अडलं?

*

विटा

गावभागच्या दादांशी शंभर टक्के सहमत.

माझं म्हणणं मेगापिक्सेलबद्दल आहे. आपला मोठ्यातला मोठा अल्बम बारा बाय छत्तीस इंचांचा. २४ मेगापिक्सेलची फ्रेम रुंदीला ६००० ठिपक्यांची, म्हणजे एकच फोटो पूर्ण पानभर पसरला तरी इंचाला १६७ पडतात. ४५ मेगापिक्सेलला २२९. अल्बम मांडीवर घेऊन बघणाऱ्या आजीला हा फरक दिसत नाही, मला विचाराल तर मलाही दिसत नाही. पण ४५ ची एक रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल) ५० एमबीच्या घरात जाते. लग्नाच्या चार हजार फ्रेम म्हणजे २०० जीबी, तेही एका कार्डावर. दुसऱ्यावर तेवढंच आणि घरी बॅकअपला पुन्हा तेवढंच.

लायकाच्या एम ११ मध्ये पूर्ण सेन्सर वापरून ६०, ३६ किंवा १८ मेगापिक्सेल यांतलं हवं ते रॉ निवडता येतं. हप्त्यावर कॅमेरा घेणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बॉडीत हे द्या. विधींना १८, फॅमिली ग्रुपला ६०.

*

मिरज. गाण्याच्या मैफली आणि वाद्यांचे कारखाने.

दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मैफल होते, तिथं मी लहानपणापासून जातो. आधी ऐकायला, नंतर कॅमेरा घेऊन. जुन्या डीएसएलआरचा आवाज विलंबित आलापीत दगड टाकल्यासारखा व्हायचा. एकदा एका बुजुर्ग गायकांनी डोळे उघडून माझ्याकडं फक्त बघितलं. त्या दिवसापासून मी समेवर आणि टाळ्यांतच शटर दाबायचो, म्हणजे खरा चेहरा जेव्हा असतो तेव्हा नाही.

मिररलेसचं मूक शटर आलं तेव्हा वाटलं, आपल्यासाठीच केलंय. पण सतारीचा फोटो मोठा करून बघितला आणि मी चमकलो. छेडलेली तार सरळ नव्हती, सापासारखी नागमोडी. वाद्याच्या दांडीवर पडलेल्या एलईडीच्या उजेडात काळे-उजळ पट्टे. समजून घेतलं तेव्हा उलगडलं: इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो तार जागा बदलते, दिवाही मिचकावून घेतो. ज्या सतारमेकरानं पंढरपूरकडचा भोपळा निवडण्यापासून ती सतार घडवली, त्याला मी तो फोटो दाखवला. तो तारेवर बोट ठेवून म्हणाला, "ही माझी नव्हे."

सोनीच्या ए९ थ्रीमध्ये २०२३ साली फुल फ्रेमला पहिल्यांदा ग्लोबल शटर आलं, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. तार सरळ, आवाज शून्य. पण त्या किमतीत मिरजेत सतारी किती येतील याचा हिशोब मी केलाय. मला हेच तंत्र मधल्या किमतीच्या बॉडीत हवं. वेग वीस फ्रेमचा नको, पाचचा चालेल. मेगापिक्सेल बारा दिले तरी चालतील.

*

(धागाकर्ता) मिरजकर, पट्ट्यांवर तोवरचा उपाय म्हणून सांगतो: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकावतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे बहुतेक जातात. एलईडी वॉलपुढं मात्र याची खात्री नाही.

*

भिलवडी, कृष्णाकाठ

थंडीत मगर ऊन खायला काठावर येते. तासन्‌तास दगडासारखी पडून असते आणि जबडा मिटते तो डोळ्याची पापणी लवायच्या आत. शटर अर्धं दाबून ठेवलं की दाबण्याआधीचा क्षणही साठतो, असे कॅमेरे आले आहेत, पण काहींत ते फक्त जेपेगमध्ये मिळतं. रॉमध्ये द्या. आणि सुरक्षित अंतर ठेवूनच काढा रे, गेल्या महिन्यात दोन पोरांना पाण्याजवळून मागं ओढलंय मी.

*

फलटणची मी. पालखी सोहळा आणि लहान मुलांचे फोटो.

इथं अजून कुणी वजनावर बोललं नाही म्हणून लिहिते. लोणंद सोडून माउलींची पालखी तरडगावकडं निघते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. मी पहाटेपासून चालत असते. दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२०० च्या झूम लेन्स, पाणी. निकॉनचा डी ८५० बॅटरीसकट एक किलोच्या वर जातो, जुनी ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या आसपास. रिंगणाची वेळ येईपर्यंत उजवं मनगट थरथरायला लागतं. मिररलेसनं बॉडी हलकी झाली, पण काही इतक्या छोट्या केल्या की करंगळी खाली लोंबकळते आणि मोठी लेन्स लावली की सगळा भार तीन बोटांवर. वजन कमी करा, पकड कमी करू नका. माझा हात लहान आहे, तरीही मला खोल ग्रिप लागते.

दुसरं फोकसबद्दल. रिंगणात आधी पताका, टाळ, हात, मोबाईल, आणि त्यांच्या मधून अश्व येतो. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं लगेच वाकतात. अश्व दिसतो तो एक-दीड सेकंद. त्या वेळात माझा फोकस पताकेवर जाऊन बसतो. कॅननच्या आर ६ मार्क टूमध्ये घोडा ओळखायची सोय आली, ते वाचून मला खरंच आनंद झाला. आता एक पायरी पुढं या. एकदा दाखवलेला विषय मधे काहीही आलं तरी सोडायचा नाही, हे कॅमेऱ्याला सांगायला एकच बटण हवं, मेनूच्या चौथ्या पानावर नको.

*

महाबळेश्वर, पॉइंटवर फोटो काढून देतो

आमच्या पोटावर मोबाईल आला हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक थांबतात, कारण ८५ एमएम एफ १.८ नं मागचं धुकं जसं विरघळतं तसं मोबाईलला जमत नाही, केसांच्या कडेला त्याचं पितळ उघडं पडतं. अडतं ते देताना. पूर्वी प्रिंट द्यायचो. आता पाहुणा म्हणतो, "फोनवर पाठवा." मग ॲप उघडा, ब्लूटूथ जोडा, वायफाय जोडा, मधेच तुटतं. धुक्यात पाच मिनिटं लेकरं कुडकुडतात आणि गिऱ्हाईक "राहू दे" म्हणून गाडीकडं वळतं. त्या पाच मिनिटांत दिवसाचे चार-पाच फोटो जातात माझे.

कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर क्यूआर कोड यावा, पाहुण्यानं स्कॅन करावा, फोटो घ्यावा, बस. चहाच्या गाड्यावर दहा रुपये असे देता येतात, फोटो का नाही?

*

सांगली, गणपती मंदिराजवळ. वय ६८.

सगळ्या पोरांचं वाचलं. मी १२० च्या रोलवर शिकलो, मग ३५ एमएम. तुम्ही ज्याला फुल फ्रेम म्हणता ती आमची साधी रोलची फ्रेम, २४ बाय ३६. त्यामुळं २००५ ला कॅननचा पहिला ५डी आला तेव्हा मला वाटलं, लेन्स परत आपल्या जागेवर आली. मी मात्र निकॉनवाला, त्यांचा डी ७०० येईपर्यंत थांबलो.

माझ्याकडं जुन्या डी मालिकेच्या चार लेन्स आहेत. त्यांत फोकसची मोटर नाही, ती बॉडीत असायची. जुन्या लेन्स मिररलेसला जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळं त्या हातानं फिरवाव्या लागतात. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हातानं फोकस आता पक्का बसत नाही. निकॉननं मोटरवाला अडॅप्टर काढला तर मी दुसऱ्या दिवशी घेईन. त्यातली ८५ मी पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या पैशातून घेतली होती, आयर्विन पुलावर बसून खोकं उघडलं होतं.

आणखी एक. निकॉनच्या माझ्या कॅमेऱ्यात मेनू मराठीत करता येतो. नातू हातात घेतो तेव्हा मी तो मराठीवर ठेवतो. काही शब्द अवघड आहेत, पण तो एक एक वाचतो, मला विचारतो, आणि समजलं की लगेच तसा फोटो काढून बघतो. पुढच्या कॅमेऱ्यातून ती भाषा काढू नका. परवा संध्याकाळी घाटावर त्यानं नदीचा फोटो काढला, एक सेकंदाचं शटर, कॅमेरा पायरीवर टेकवून. पाणी दुधासारखं आलंय. तुम्हाला बघायचा असेल तर त्याला विचारून टाकतो.