आंबोळी-घावनांसाठी तवा: बीड (ओतीव लोखंड) की जाड अ‍ॅल्युमिनियम?

मालवणी_डबा: चौघांसाठी 28 सेंमीचा तवा हवाय. रोज आंबोळ्या किंवा घावन. भाकरीला लोखंडी तवा आहे. गॅसची शेगडी, बजेट 1000. मनगट दुखतं, त्यामुळे वजन महत्त्वाचं.

ओतकाम: बीडच. 4 मिमी जाडीची नुसती चकती धरली तर बीड साधारण 1.8 किलो, अ‍ॅल्युमिनियम 665 ग्रॅम. एक अंश तापायला बिडाला सुमारे 815 ज्यूल लागतात, अ‍ॅल्युमिनियमला 600. गार पीठ पडल्यावर बीड कमी निवतं, म्हणून जाळी छान पडते.

सुगरण७२: बीडच. 1800 चा तयार सीझनिंगवाला (तेलाचा थर भाजून बसवलेला) घ्या, पिढ्यान् पिढ्या टिकतो. आच पण सगळीकडे सारखी लागते.

रंधा: आच सारखी लागते हे चूक. बिडाची उष्णतावाहकता 50 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची 237. मोठ्या आचेवर बीड मधे करपवतं, कडा कच्च्या ठेवतं. मंद आचेवर 6-7 मिनिटं तापवूनच पीठ घाला. आणि टिकतो तो पडला नाही तरच. त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा असतो, तडा तिथूनच धावतो. घेताना तवा लटकता धरून चमच्याने वाजवा. खणखणीत हवा, बद्द वाजला तर परत ठेवा.

कोकमसार: बिडात चिंच-कोकमाचं काही शिजवू नका, तेलाचा थर निघतो.

ओतकाम: तव्यावर सार कोण करतं? आंबोळीच्या आंबटपणाने काही होत नाही.

सुगरण७२: इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. बीडच घ्या.

मालवणी_डबा: गॅस आहे हो. 6 मिमीचा साधा अ‍ॅल्युमिनियम तवा घेतला, बजेटमध्ये बसला. वरच्याच हिशेबाने चकती 1 किलो आणि 900 ज्यूल, म्हणजे 4 मिमी बिडापेक्षा जास्तच उष्णता धरतो. पहिलं घावन मात्र चिकटलं.

रंधा: तेल कमी तापलं असणार. नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने पातळ तेल फिरवा, धुराची पहिली रेघ दिसली की आच कमी करून पीठ घाला. पहिल्या 4-5 घावनांना प्रत्येक वेळी तेल लावा. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, मधेच जास्त तापलं की बूड फुगतं आणि तवा शेगडीवर डुगडुगायला लागतो.

ओतकाम: तरी बीड घ्यायला हवं होतं.