मदत हवी आहे : 1997 च्या फौजदारी खटल्याच्या निकालाची नक्कल

नमस्कार मंडळी,
बांधाच्या भांडणावरून 1997 साली वडिलांवर भादंवि कलम 324 चा (घातक हत्याराने दुखापत केल्याचा) गुन्हा दाखल झाला होता. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टात खटला चालला आणि 2001 मध्ये ते निर्दोष सुटले. आता पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तो गुन्हा वर आलाय, आणि सुटल्याचा कागद घरात सापडत नाही. वडील 68 वर्षांचे आहेत. निर्दोष असूनही पुन्हा पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागतेय, हे त्यांना फार लागलंय.

ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) नावाने शोधलं, काही मिळालं नाही. 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) एवढ्या जुन्या प्रकरणाचा कुठून असणार? आमच्याकडे फक्त पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल आहे. नक्कल विभागात गेलो, तर ‘केस नंबर आणा’ म्हणाले. वकीलसाहेब आता हयात नाहीत.

गुन्हा नंबरावरून आर.सी.सी. नंबर (कोर्टाने फौजदारी खटल्याला दिलेला केस नंबर) कोर्टाच्या रजिस्टरमधून काढून मिळतो का, की पोलीस ठाण्यातून घ्यावा? जुनी फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेली असेल, तर अर्ज कुठे द्यायचा? आणि फाईल नष्ट केली असेल, तर तसा दाखला मागावा का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.