ताठ कणा चालतो, मग ताठर माणूस का नको?

खडीसाखर: काल मी सासऱ्यांना ‘ताठर’ म्हटलं. नवरा लगेच, ‘करारी म्हण.’ मला वाटतं गुण एकच, नाव मात्र माणूस कोणाचा त्यावर ठरतं. आपला तो बाणेदार, शेजारचा हेकट. बाब्या आणि कार्टं, दुसरं काय!

काना_मात्रा: साफ असहमत. ताठ माणूस वाकू शकतो, वाकत नाही इतकंच. ताठराला वाकताच येत नाही. आणि एक काना जोडला की ‘ताठा’, म्हणजे थेट गर्व. करारी माणसाला ‘का?’ विचारा, कारण मिळेल. हेकटाकडे कारण नसतं, आडमुठ्याला तर प्रश्नच कळत नाही.

खडीसाखर: सासऱ्यांकडे कारण आहे: ‘आमच्यात असंच असतं.’ हे कुठल्या खणात टाकू?

पोलादकाका: आमच्या धंद्यात हा घोळ चालत नाही. पोलादाची ताठरता साधारण २०० गिगापास्कल, काचेची ७० च्या आसपास. म्हणजे काच कमी ताठर, तरी तीच फटकन फुटते. ट्रकचे पाटे पोलादाचेच ना? खड्ड्यात दबतात, परत जागेवर येतात. ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणणारा माझ्या लेखी ठिसूळ.

गिरणगावकर: काका, माणूस ट्रकचा पाटा नव्हे. १९८२ च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माझे मामा त्यातले. आजी त्यांना चिवट म्हणायची, मामी हेकट. मामी भाजीची गाडी लावून घर चालवत होती, तिला तसं म्हणायचा हक्क होता. पण ठिसूळ? तो शब्द मागे घ्या.

पोलादकाका: घेतला. माणसांपुरता. काचेपुरता नाही.

काना_मात्रा: मामी आणि आजी, दोघींचं बरोबर असू शकतं. चिवट म्हणजे ताणलं तरी न तुटणारा, हेकट म्हणजे ऐकून न घेणारा. एकाच माणसात दोन्ही मावतात.

खडीसाखर: म्हणजे बघणारा कोण त्यावरच आलं ना गाडं? पापड कडक हवा, पोळी कडक झाली की बोंब. असो. सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, ‘नुसतं कडक म्हण. हल्ली पोरं चांगल्यालाच कडक म्हणतात.’