मदत हवी आहे: हेवीचं लायसन्स मिळालं, पण भरलेली गाडी शिकायची कुठे?

नमस्कार मंडळी,

मी मानखुर्दचा. छोटा हत्ती चालवतो, वाशी मार्केटमधून चेंबूर-कुर्ल्याला भाजी टाकतो. नुकतंच हेवीचं लायसन्स काढलं. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ओळखीनं काम मिळतंय. दहा टायरी गाडी, स्टीलच्या कॉइल चाकणला पोचवायच्या. शेठ म्हणतो, "लायसन्स आहे ना? मग सोमवारपासून ये." घरचे खूश आहेत. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय, कारण भरलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी अजून बसलेलोच नाही.

नियमात जड वाहनासाठी किमान ३० दिवसांचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष १५ तास ड्रायव्हिंग लिहिलंय. आमच्या स्कूलमध्ये काय होतं? रिकामी जुनी गाडी, केबिनमध्ये पाच-सहा जण कोंबलेले, पहाटेचा मोकळा रस्ता. चौकापासून पंपापर्यंत चालवायची की "उतर, पुढचा ये". रिव्हर्सला उस्ताद खिडकीतून डोकं काढून "काट, काट, अजून काट" ओरडणार आणि आपण मुकाट्यानं स्टिअरिंग फिरवणार. आरशात नेमकं काय बघायचं ते कुणी सांगितलंच नाही. तरी फॉर्म ५ वर, म्हणजे ट्रेनिंग झाल्याच्या स्कूलच्या दाखल्यावर, शिक्का बसला. टेस्टही रिकाम्या गाडीवरच झाली.

तर विचारायचं असं, की पैसे भरून पुन्हा नीट कोर्स करावा का? की शेठलाच सांगावं, आधी जुन्या ड्रायव्हरबरोबर पाठवा म्हणून? असं सांगितलं तर पोरगं कच्चं आहे म्हणून तो दुसरा बघेल, ही धास्ती आहे. आणि खंडाळ्याचा चढ भरल्या गाडीनं कसा काढायचा?

प्रतिसाद – जुना_लाइनवाला

भावा, चढाचं टेन्शन घेऊ नकोस. चढाला गाडी फार तर रडेल. वेळेवर खालचा गिअर टाक, डावी लेन धर, मागचे हॉर्न वाजवेनात का. खरी परीक्षा येताना, रिटर्न भाडं भरून घाट उतरताना. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवायचा, ज्या गिअरमध्ये चढलास साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) वापरायचा. ब्रेकवर सतत पाय ठेवलास तर ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील, "काय नाय होत" म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. न्यूट्रलला इंजिन गाडी रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, टाकीतली हवा संपत जाते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

सकाळी गाडी चालू केलीस की हवेचा काटा पुरेसा चढेपर्यंत आणि बझर बंद होईपर्यंत हलवायची नाही. हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढायचं. कॉइलची गाडी असेल तर कॉइल बांधलेली चेन आणि ती घरंगळू नये म्हणून लावलेले गुटके स्वतः बघ, हमालांवर सोडू नकोस. थोडं अंतर गेलं की बाजूला लावून चेन परत आवळ, कारण हादऱ्यांनी ती सैल पडते. जोरात ब्रेक लागला आणि कॉइल सुटली तर ती सरळ केबिनवर येते.

वळताना मागची चाकं आत कापतात, त्यामुळे डाव्या आरशात बाइकवाला शोधायची सवय लाव. मुंबईत तो असतोच.

शेठला बिनधास्त सांग. गाडी त्याची, माल पार्टीचा, नुकसान झालं तर पहिला त्यालाच घाम फुटेल. जो शेठ उस्तादाबरोबर पाठवायला नाही म्हणतो, तो उद्या ब्रेकचं काम सांगितलंस तरी "पुढच्या खेपेला बघू" म्हणेल. तिथे न गेलेलं बरं.

प्रतिसाद – वडाळा_ट्रक_टर्मिनल

वरच्यांशी सहमत, पण कोर्सलाही नाही म्हणू नकोस. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटीच्या (केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेच्या) आवारात ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था आहे, तिथे चौकशी कर. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, थिअरी धरून. फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचार: एका गाडीवर किती मुलं असतात आणि लोड घालून चालवायला देतात का.

आणि छोट्या हत्तीवरून थेट दहा टायरी कशाला? मध्ये काही महिने आयशर, म्हणजे मधल्या आकाराचा ट्रक, चालव. भिवंडीच्या गोदामांतून भरपूर कामं निघतात. एअर ब्रेक, लांब बॉडी, डॉकला रिव्हर्स, सगळ्याचा हात बसेल. पगार थोडा कमी पडेल, पण घरचे समजून घेतील.

धागाकर्ता

दोघांचे खूप आभार. उतरतानाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. सोमवारी कळंबोलीला जातो, पण उस्तादाच्या शेजारी बसायला, असं शेठला आजच फोनवर सांगतो. नाही म्हणाला तर भिवंडी आहेच. भोसरीलाही फोन करून लोडचं विचारतो.

आता एकच राहिलं. शिकतानाच्या खेपांना शेठकडे भत्ता किती मागायचा, की फक्त जेवणखाण धरायचं? आणि उस्तादाला वेगळे पैसे द्यायची पद्धत आहे का? कळंबोली-चाकण लाइनवर कुणी असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.